लखनौ, दुर्ग, चांपा, ओखा

आमच्या घरात सगळ्यात मोठा आवाज बाबांचा होता, पण तो रागाचा नव्हता, टेलिफोनचा होता. रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात त्यांची उभी हयात गेली. कोणती मालगाडी कुठे उभी आहे, कोणता डबा कुठे तोडायचा, हे खरखरत्या लाइनीवर ओरडून सांगायचं आणि पलीकडचं ओरडणं नीट ऐकून लिहून घ्यायचं, हे त्यांचं काम. त्यामुळे घरी जेवताना "लोणचं आण" हेसुद्धा ते असं म्हणत की तिसऱ्या स्टेशनला ऐकू जावं. आई म्हणायची, "मी काही बिलासपूरले नाही बसली, हेथंच हाय ना." इंग्रजी अक्षर सांगायचं झालं की बाबा स्टेशनाच्या नावानंच सांगत. माझ्या शाळेच्या फॉर्मवर शालिनीचं स्पेलिंग त्यांनी कारकुनाला सांगितलं ते शहाडोल, हावडा, अकोला, लखनौ असं. आणि तो बिचारा पत्त्याच्या रकान्यात गावं लिहू लागला होता.

रायपूरच्या चौबे कॉलोनीत एका घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहत होतो. दोन खोल्या, एक लांब गॅलरी, आणि गॅलरीच्या टोकाला आईचा स्टोव्ह. आई भंडाऱ्याकडची. लाखोळीच्या भाजीशिवाय तिचा हिवाळा सुरू होत नसे. भाजीवाली खालून "तिवरा भाजी" म्हणून ओरडायची, आई वरून "लाखोळी दे वो" म्हणायची. दोघी वर्षानुवर्षं एकाच भाजीला आपापल्या नावानं हाक मारत राहिल्या आणि कुणीच माघार घेतली नाही. शेजारच्या काकूंकडून ती तांदळाच्या पिठाचा वाफवलेला फरा शिकली, आणि त्यांना बेसनाच्या पातोडीचा रस्सा शिकवला. रविवारी दोन्ही घरांतून लसणाच्या फोडणीचा वास एकदम निघे, तेव्हा खालचे घरमालक जिन्यात येऊन नुसते उभे राहत. माझा धाकटा भाऊ मराठीत विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला हिंदीत उत्तर द्यायचा. आई त्याला म्हणे, "तुले हिंदीत भूक लागते का रे?" तो म्हणे, "हां, बहुत."

आमचं गाव तेव्हा नुकतंच राजधानी झालं होतं. पाट्या रंगवणाऱ्यांना उसंत नव्हती. जिकडेतिकडे शिडीवर माणूस चढलेला, आणि 'मध्यप्रदेश'वर पांढरा हात मारून 'छत्तीसगढ़' लिहीत असलेला. लाल दिव्याच्या गाड्या पंडरीच्या कापडबाजारातल्या गर्दीत अडकायच्या आणि हातगाडीवाला त्यांना सरळ "रुको भैया" म्हणायचा. आपणही काहीतरी व्हावं असं त्या दिवसांत सगळ्यांनाच वाटत होतं. मी कॉम्प्युटरचा एक वर्षाचा कोर्स करून बसले होते, आणि मला डोळ्यांच्या एका लहानशा दवाखान्यात काम मिळालं.

हा दवाखाना पंडरीच्या मागच्या बाजूला होता. चालवणाऱ्या बाईंना सगळे डॉक्टर दीदी म्हणत. साठीच्या, पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. खेड्यापाड्यांतून मोतीबिंदूचे पेशंट यायचे आणि महिन्यातून एका रविवारी ऑपरेशनचं शिबिर असायचं. नोंदणीच्या खिडकीत साहू बाबू बसत. ते प्रत्येक पेशंटची पर्ची, म्हणजे नावाची चिठ्ठी, हातानं लिहीत, सुंदर वळणदार अक्षरात, आणि ती पर्ची पिनेनं पेशंटच्या खांद्याला लावली जाई. आत ऑपरेशनच्या खोलीत दीदी आधी पर्ची वाचत, पेशंटला नाव विचारत, दोन्ही जुळलं तरच पुढे. हा त्यांचा नियम मोडायची कुणाची टाप नव्हती. पण साहू बाबूंचा हात आता थरथरू लागला होता आणि ते लवकरच निवृत्त होणार होते. म्हणून दीदींनी कॉम्प्युटर आणवला. वॉर्डातल्या आयांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून पर्ची हिंदीतच हवी. दीदींचा भाचा बंगळूरला नोकरीला होता. त्यानं येऊन त्या मशीनवर लिनक्स टाकून दिलं, नाव लिहून पर्ची छापायचा एक छोटा प्रोग्रॅम बनवून दिला, आणि तो परत गेला. मला दीदींनी दोन महिने ठेवून पाहायचं ठरवलं.

पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. त्या काळी लिनक्सला देवनागरी अक्षरं नीट जोडता येत नसत. पहिली वेलांटी आपण अक्षराच्या डावीकडे काढतो. तो प्रोग्रॅम ती उजवीकडे, पुढच्या अक्षराच्या डोक्यावर ठेवून द्यायचा. जोडाक्षरं तर फुटलेल्या बांगडीसारखी पडायची. मला वाटलं, चालतंय, समजतं ना. मग शिबिराच्या दिवशी अभनपूरकडची एक म्हातारी आली. बिसाहिन तिचं नाव. सत्तरीची असेल, हातांवर गोंदण, एक डोळा दुधासारखा पांढरा. मी छापलेली पर्ची तिनं दुसऱ्या, जरा बऱ्या डोळ्याजवळ नेली, नाकाला टेकेपर्यंत नेली, आणि बोटानं एकेक अक्षर दाबत म्हणाली, "ये मोर नांव नोहय."

पर्चीवर छापलं होतं, 'बसिाहनि'.

ती गावातल्या साक्षरता वर्गात जायची. म्हातारपणी अक्षरं शिकली होती, डोळे अधू होईपर्यंत. "मास्टरिन ह अइसन नइ सिखाए हे," ती म्हणाली. साहू बाबूंनी समजावलं, आयांनी समजावलं, हातानं दुसरी पर्ची लिहून देतो म्हणाले, पण तिचा विश्वास उडाला होता. दुसऱ्या कुणाच्या नावानं आपला डोळा कापतील, ही भीती तिच्या मनातून निघेना. दीदी बाहेर आल्या, पर्ची पाहिली, आणि मला फक्त एवढंच म्हणाल्या, "वो ठीक कह रही है." म्हातारी डोळा तसाच घेऊन नातवाबरोबर बसमध्ये बसून निघून गेली. जाताना म्हणाली, "नांव बने लिखबे त आहूं नोनी." नाव नीट लिहिशील तर येईन, पोरी.

त्या दिवशी घरी मी ताटावर नुसती बसून होते. बाबांनी विचारलं, "काहून गं, जेवून नाही राहिली?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मग नीट कर ना. रडून वेलांटी हलते का?" आईनं ताटात अजून एक फरा टाकला. आमच्या घरात सांत्वन म्हणजे एवढंच.

पुढच्या शिबिराला महिना होता. भाच्यानं टपालानं सीडी पाठवली. तिच्यात अक्षरं जोडणाऱ्या लायब्ररीचा, म्हणजे प्रोग्रॅम ज्या फाइलकडून अक्षरं जोडून घेतो तिचा, नवा कोड होता, तयार पॅकेज नव्हे. पॅकेज म्हणजे सगळं बांधून आलेलं; टाकलं की झालं, आणि मशीन आपल्याजवळ नोंद ठेवतं की ही फाइल अमक्या पॅकेजची, ती तमक्याची. कोड मात्र आपणच आपल्या मशीनवर बांधायचा असतो. मी दुपारी ओपीडी संपली की बसायची. तीन आज्ञा द्यायच्या आणि पडद्यावरून ओळी धावताना पाहत राहायचं. ते मशीन इतकं हळू होतं की एका बांधणीत माझा डबा खाऊन, धुऊन, वाळूनसुद्धा व्हायचा. पहिल्यांदा अडलं, एक फाइल सापडत नव्हती; ती सीडीवर शोधून टाकली. दुसऱ्यांदा अडलं, कोड बांधणारा कंपायलर जुना होता. पाचव्या-सहाव्या दिवशी सगळं एकही चूक न दाखवता पार पडलं. मी खुर्चीतून उठून साहू बाबूंना पेढे आणायला पाठवणार होते. प्रोग्रॅम उघडला, नाव टाइप केलं. बसिाहनि.

मी परत बांधलं. परत तेच. तिसऱ्यांदा बांधलं. तेच. नवी लायब्ररी मशीनवर होती, मला डोळ्यांनी दिसत होती, आणि प्रोग्रॅम तिच्याकडे बघतसुद्धा नव्हता. आज इतक्या वर्षांनी मला तेव्हाच्या माझ्यातल्या मुलीचा राग समजतो, पण तिनं पुढे जे केलं ते आठवलं की अजून कान गरम होतात. शिबिर परवावर आलं होतं, म्हणून त्या दिवशी मी सकाळी ओपीडीच्या आधीच मशीनपुढे बसले. मला वाटलं, जुनं पॅकेजच वाटेत बसलंय, तेच काढून टाकते. मशीननं नको म्हणून सांगितलं, ह्याच्यावर आणखी तीस गोष्टी उभ्या आहेत म्हणून यादीच दिली. मी जबरदस्तीचा शब्द जोडून आज्ञा दिली, आणि त्यानं ऐकलं. पुन्हा सुरू केलं तर खिडक्या नाहीत, चित्रं नाहीत, माझा प्रोग्रॅम नाही. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत होती. महिनाभरात भरलेली सहाशे पेशंटांची नावं त्या काळोखाच्या मागे.

मी दीदींच्या खोलीत गेले आणि सांगितलं. लपवायचं सुचलंच नाही, हे माझं नशीब. "दीदी, मैंने तोड़ दिया."

त्यांनी चष्मा काढला. "क्या तोड़ा, ये पता है?"

"जी. एक पैकेज निकाल दिया, ज़बरदस्ती."

"तो फिर ठीक है. बहुत लोगों को ये भी पता नहीं होता," त्या म्हणाल्या आणि त्यांनी बंगळूरला फोन लावला.

आता मांडणी अशी होती: फोन दीदींच्या खोलीत, व्हरांड्याच्या एका टोकाला. कॉम्प्युटर नोंदणीच्या खिडकीत, दुसऱ्या टोकाला. मध्ये बाकांवर चाळीसेक पेशंट. आणि लाइन अशी खराब की दीदी "हॅलो, हॅलो"च्या पुढे जाईनात. नेमके त्याच वेळी बाबा आले. सकाळी मी न जेवताच निघाले होते, म्हणून ते रात्रपाळीहून घरी परतताच आईनं त्यांच्या हाती डबा दिला होता. दारात उभे राहून त्यांनी दोन मिनिटं दीदींची धडपड ऐकली, डबा टेबलावर ठेवला आणि हात पुढे केला. "लाइए मॅडम. खराब लाइन सुनने की ही तनख्वाह मिलती है मुझे."

रिसीव्हर कानाला लागला आणि बाबा बदलले. पाठ ताठ झाली, डोळे मिटले. "हां, बोलिए. कंट्रोल सुन रहा है." भाचा तिकडून बोलायचा, बाबा ऐकायचे, आणि मग पूर्ण आवाजात व्हरांड्याकडे सोडायचे. मधल्या दारात साहू बाबू उभे; ते ऐकून खिडकीत मला सांगायचे. भाच्याचं पहिलं वाक्य आलं ते मी नंतर वहीत लिहून ठेवलं: "पहले कुछ बनाना नहीं, कुछ मिटाना नहीं. पहले पूछना."

आधी लिनक्सच्या मूळ सीडीवरून ते काढलेलं पॅकेज परत टाकायला लावलं. वीस मिनिटांत खिडक्या परत आल्या आणि सहाशे नावं जिथल्या तिथे सापडली. मी पाणी प्यायले. मग त्यानं विचारायला लावलं, तुझा प्रोग्रॅम सुरू होताना अक्षरांची कोणती लायब्ररी उघडतो? मी पाहिलं. एक जुनी, नेहमीच्या जागेची. मग आज्ञा आली, ती फाइल कुणाची ते मशीनलाच विचार.

"रायपूर, पुणे, मनमाड!" बाबा गरजले. "जगह छोड़ो! आडवी रेघ! क्विलॉन, फैजाबाद!"

"रायपुर, पूना, मनमाड," साहू बाबू माझ्याकडे वळून म्हणाले, "फेर कुइलान... ये कहां हे?"

"केरळमध्ये!" बाबा ओरडले. "क्यूचं एकच स्टेशन हाय माझ्यापाशी!"

मी आर, पी, एम, क्यू, एफ टाइप केलं आणि पुढे फाइलचा पत्ता. मशीननं पॅकेजचं नाव सांगितलं: जुनंच, कंपनीतून बांधून आलेलं, मी काढून परत टाकलेलं. मग तोच प्रश्न मी बांधलेल्या फाइलबद्दल विचारला. उत्तर आलं, ही फाइल कोणत्याच पॅकेजची नाही. मी ती ओळ दोनदा वाचली. अर्थातच नव्हती. ती माझी होती. मी ती दुसऱ्या जागी नेऊन ठेवली होती, आणि त्या जागेचा पत्ता मी मशीनला कधी सांगितलाच नव्हता. चूक बांधणीत नव्हतीच. तीन वेळा मी बरोबर असलेलं काम पुन्हा पुन्हा करत बसले होते.

भाच्यानं सांगितलं, लायब्ऱ्या कुठे शोधायच्या त्या यादीत नव्या जागेचा पत्ता टाक, आणि मशीनला यादी पुन्हा वाचायला लाव. त्या शेवटच्या आज्ञेची अक्षरं बाबांनी एका दमात सोडली: "लखनौ! दुर्ग! चांपा! ओखा! नागपूर! फैजाबाद! इटारसी! गोंदिया!"

साहू बाबूंनी मान हलवत सांगितलं, "लखनऊ, दुरुग, चांपा, खोखा, नागपुर..." मी ओच्या जागी के टाकला. मशीन म्हणालं, अशी आज्ञा माहीत नाही. निरोप उलट गेला. बाबांचा आवाज आला, "खोखा नाही हो, ओखा! गुजरातचं! समुद्रापाशी!" तोवर बाकांवरच्या पेशंटांना काय चाललंय ते कळलं नव्हतं, पण कुणाचंतरी काम अडलंय हे कळलं होतं. डोळ्याला हिरवी पट्टी लावलेला एक म्हातारा उठून खिडकीशी आला आणि मला मोठ्यानं म्हणाला, "ओखा, बेटी, ओखा!" त्याच्या मागून दोन बायका, "ओखा कहत हे!" व्हरांडाभर ओखा-ओखा झालं.

मी ओ टाकला. मशीन काहीच बोललं नाही, जागच्या जागी पुढची ओळ देऊन गप्प झालं. पुढच्या आयुष्यात मी हेच काम करत राहिले, भिलाईत आणि मग नागपुरात कितीतरी पोट्ट्या-पोट्टींना शिकवलं, आणि प्रत्येकाला सांगितलं की मशीन गप्प बसलं की घाबरू नका, बहुतेक वेळा ती संमती असते. त्या दिवशी मला ते माहीत नव्हतं. मी प्रोग्रॅम उघडला. ब टाइप केला. वेलांटी टाइप केली. ती उजवीकडे उमटली नाही. ब जरासा सरकला आणि ती त्याच्या डावीकडे जाऊन उभी राहिली. मी पुढची अक्षरं कशी टाइप केली मला आठवत नाही. बिसाहिन. साहू बाबूंनी पर्ची छापून घेतली, हात लांब करून पाहिली, आणि छत्तीसगढीत नाही, अगदी दफ्तरी हिंदीत म्हणाले, "हां. अब ये नाम है." मग त्यांनी आपलं शाईचं पेन टोपण लावून खिशात ठेवलं. मला वाटलं, वाईट वाटलं असेल. ते म्हणाले, "अब मेरा हाथ कांपे तो कांपे."

बाबा अजून रिसीव्हर धरून होते. भाच्याला सांगत होते, "काम हो गया. लाइन क्लियर." मग डबा उघडून आम्ही तिघांनी दीदींच्याच टेबलावर पातोडी खाल्ली. दीदींनीही एक वडी उचलली आणि विचारलं, "ये किसने बनाया?" बाबा म्हणाले, "इसकी मां ने. सोर्स से." कोडपासून आपणच बांधलेलं, अशा अर्थाचा हा शब्द त्यांनी नुकताच फोनवर ऐकला होता, आणि त्याच्यावर ते पुढची कितीतरी वर्षं खूश होते.

रविवारी साहू बाबूंच्या निरोपावरून बिसाहिन आली. पर्ची नाकाशी नेली. बोट ठेवत, ओठ हलवत, सगळं नाव पार केलं. म्हणाली, "हव." एवढंच. आणि खांदा पुढे केला पिन लावायला. आत दीदींनी नाव विचारलं तेव्हा तिनं ते इतक्या खणखणीत आवाजात सांगितलं म्हणे, की भूल द्यायला आलेला माणूस दचकला.

सोमवारी पट्ट्या सोडल्या. सगळे एकमेकांचे चेहरे पाहत होते, कुणी उगाच भिंतीकडे पाहून हसत होतं. बिसाहिन खिडकीशी आली, माझी हनुवटी धरली आणि डोळे बारीक करून म्हणाली, "अतेक नान्हे!" एवढीशी! दवाखान्यातून सुट्टी देण्याच्या कागदावर एक रकाना राहिला होता: पतीचं नाव. साहू बाबूंनी विचारलं तर तिनं पदर ओढून तोंड फिरवलं. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, तिच्या सगळ्या आयुष्यात तिनं ते घेतलं नव्हतं. नातू चहा प्यायला गेला होता. साहू बाबू असल्या बाबतीत तरबेज. "चिन्हा बता," ते म्हणाले. ती हळूच म्हणाली, "होरी जेन महीना मा आथे." होळी ज्या महिन्यात येते. "फागू? फागूराम?" तिनं पदराआड मान हलवली आणि हसायला लागली. मी टाइप केलं, कागद छापला, आणि तिच्या हातात दिला.

तिनं तो लांब धरला. नाकाशी न्यावा लागला नाही, याचंच तिला आधी नवल वाटलं. वरून खाली बोट फिरवत आली. आपलं नाव वाचलं, गावाचं नाव वाचलं. मग बोट पुढच्या ओळीवर आलं, आणि वर्गात शिकल्यासारखी ती मोठ्यानं जोडत गेली, "फा... गू... रा... म." म्हणून झालं आणि मग तिला कळलं आपण काय म्हटलं ते. तिनं दोन्ही हात तोंडावर दाबले. सगळा वॉर्ड हसत होता, आया हसत होत्या, साहू बाबू खिडकीच्या गजाला धरून हसत होते, आणि मला डोळ्यांतलं पाणी पुसायचंही भान नव्हतं. तिनं इकडेतिकडे पाहिलं. नातू अजून आला नव्हता. मग तिनं हात खाली घेतले, कागद पुन्हा समोर धरला, आणि त्याच ओळीवर बोट ठेवून परत एकदा वाचलं, या वेळी न अडखळता.